मक्याचं तणनाशक आणि बेडूकमासे : वादाची पार्श्वभूमी

सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या पट्ट्यात पहिला दमदार पाऊस झाला की दोन कामं एकाच आठवड्यात उरकतात. मका पेरून झाला की ओल्या रानावर उगवणीपूर्व तणनाशक मारलं जातं, आणि बांधाखाली साचलेल्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात. हे तणनाशक म्हणजे बहुधा अ‍ॅट्राझिन. त्याने बेडकांना धोका आहे की नाही, हा वाद मराठवाड्यात समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

बेडूकमाशाचा बेडूक होतो तो थायरॉईड ग्रंथीच्या जोरावर, हे १९१२ पासून ठाऊक आहे. पाण्यातली रसायनं यात ढवळाढवळ करतात, ही शंका मात्र फार उशिरा चर्चेत आली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळकरी मुलांना पाय कमी-जास्त असलेले बेडूक सापडले आणि सगळ्यांनी कीटकनाशकांकडे बोट दाखवलं. पुढे त्यातल्या बऱ्याच व्यंगांच्या मुळाशी एक परजीवी चपटकृमी निघाला. रसायनवाल्यांना तेव्हापासून आयतं उत्तर मिळालं. कीटकनाशकांच्या पाण्यात बेडूकमाशांची प्रतिकारशक्ती घटते आणि याच कृमीचं जास्त फावतं, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. ते फारसं कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी खरी ठिणगी पडली. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधकाने लिटरमागे अवघ्या ०.१ मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझिनमध्ये वाढलेल्या आफ्रिकी नर बेडकांत मादीची लक्षणं दिसल्याचं प्रसिद्ध केलं. हा गृहस्थ आधी अ‍ॅट्राझिनच्या उत्पादक कंपनीच्याच पैशावर काम करत होता, त्यामुळे भांडण विकोपाला गेलं. अमेरिकेच्या सरकारी नियामकाने प्रयोगांसाठी कडक निकष लावले, तेव्हा आधीचे जवळजवळ सगळे अभ्यास बाद झाले. उरले ते कंपनीच्या खर्चाने दोन प्रयोगशाळांत केलेले प्रयोग. त्यांच्या आधारे २००७ मध्ये निकाल लागला : जननग्रंथींवर परिणाम नाही, आणखी चाचण्यांची गरज नाही.

निकष चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. पण प्रश्नच फार अरुंद विचारला गेला. प्रयोग एकाच जातीवर झाले, तीही जन्मभर पाण्यात राहणारी, आणि निकाल दिला गेला तो मुख्यतः जननग्रंथींबद्दल. २०१० मधल्या एका आढाव्यात १७ पैकी १५ अभ्यासांत असं आढळलं, की अ‍ॅट्राझिनमुळे रूपांतराच्या वेळी बेडकांसारख्या उभयचरांचा आकार लहान राहतो. लहानखुरा बेडूक पाण्याबाहेर फार टिकत नाही. २००७ चा निकाल मुख्यतः जननग्रंथींपुरता होता, तरी ‘बेडकांना धोका नाही’ म्हणून तोच पुढे केला जातो.

दुसऱ्या बाजूचीही एक लबाडी आहे. ‘युरोपने बंदी घातली’ हे वाक्य बेडकांच्या बाजूने हमखास येतं. युरोपचा २००३ चा निर्णय भूजलातल्या ०.१ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवरून झाला होता, बेडकांवरून नव्हे.

भारतात मे २०२० च्या मसुद्यात बंदीसाठी २७ कीडनाशकं होती आणि अ‍ॅट्राझिन त्यांत होतं. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा बंदीच्या यादीत चार उरली, अ‍ॅट्राझिन सुटलं.

मराठवाड्यात त्यानंतर पाकिटावरचं काही बदललं नाही. इथल्या डबक्यांची अडचण वेगळी आहे. पावसाने ओढ दिली की पाणी आटतं आणि त्यात वाहून आलेलं औषध दाट होत जातं. जोडीला युरियातून आलेलं नायट्रेट असतं आणि तेही थायरॉईडला लागणाऱ्या आयोडीनच्या आड येतं. बेडूकमाशाला डबक्यात साधारण महिनाभर काढायचा असतो. पहिली फवारणी पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत होते. तण राहिलं तर विसेक दिवसांनी टेम्बोट्रायॉन या दुसऱ्या तणनाशकात मिसळून अ‍ॅट्राझिन पुन्हा मारतात. म्हणजे अंड्यांच्या एकाच खेपेला ते दोनदा गाठतं.