शंख-शिंपल्यांच्या मण्यांचे प्रायोगिक पुरातत्त्व

प्राचीन काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी शंख-शिंपल्यांचे मणी पुन्हा घडवायचे, वापरायचे आणि त्यांवर उमटलेल्या खुणा उत्खननातील मण्यांशी ताडून पाहायच्या, अशी ही अभ्यासपद्धती आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वापराच्या खुणा वाचण्याचा पाया सोव्हिएट संशोधक सर्गेई सेम्योनोव्ह यांच्या १९५७ मधील ग्रंथाने घातला.

मुख्य वाद भोकाविषयी आहे. नॅटिसिडी व म्युरिसिडी कुळांतील मांसाहारी समुद्री गोगलगायी शिंपल्याला भोक पाडून आतला प्राणी खातात. पहिलीचे भोक बाहेरून रुंद व आत निमुळते होत जाणारे, दुसरीचे बहुधा सरळ असते. लाटांबरोबर वाळूत घासूनही शिंपल्याला भोक पडते. तेव्हा निव्वळ भोकावरून मणी ठरवता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेतले ४१ मणी २००४ मध्ये प्रसिद्धीस आले. नॅसॅरियस क्राउसियानस या जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या शंखांचे हे मणी सु. ७५,००० वर्षांपूर्वीचे मानतात. पुरातत्त्वज्ञ फ्रांचेस्को देर्रिको व सहकाऱ्यांनी आजच्या शंखांना निरनिराळ्या रीतींनी भोके पाडून पाहिली. हाडाची आर शंखाच्या मुखातून आत घालून दाबली, की कवच आतून बाहेर फुटते आणि भोकाची कड वेडीवाकडी राहते. ही रीत मूळ मण्यांशी चांगली जुळते. तरी दोन साधनांची भोके सारखी दिसू शकतात. त्यामुळे दोऱ्याच्या घर्षणाने आलेली गुळगुळीत झीज अधिक भरवशाची मानणे इष्ट.

इझ्राएलमधील काफ्झेह गुहेच्या बाबतीत तर सारी भिस्त या झिजेवरच आहे, कारण तेथील ग्लिसिमेरिस शिंपल्यांची भोके नैसर्गिकच आहेत. त्यांचा काळ सु. १,२०,००० ते ९०,००० वर्षांपूर्वीचा सांगतात. दानिएला बार-योसेफ मायर आदींनी रानजवसाच्या तंतूंचे दोरे वापरून केलेले प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगात भोकांच्या कडांवर आली तशीच झीज मूळ शिंपल्यांवरही आढळली. इझ्राएलमधीलच, त्याहून जुन्या मिस्लिया गुहेतील शिंपल्यांना भोके नाहीत. यावरून दोऱ्याचा उगम १,६०,००० ते १,२०,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान कल्पिला आहे. मात्र दोनच स्थळांवर आधारलेला हा कालखंड तूर्त तात्पुरताच धरावा.

चकती-मण्यांसाठी शिंपल्याच्या तुकड्यांना भोके पाडून ते दोऱ्यात घट्ट ओवतात व ओल्या वालुकाश्मावर घासतात. शिंपल्यातील ॲरागोनाइट या खनिजाची कठिनता मोस मापश्रेणीवर ३.५ ते ४, तर वालुकाश्मातील क्वॉर्ट्‌झची ७ असल्याने कडा एकसारख्या होतात.

भारतात कच्छच्या आखातालगतच्या नागेश्वर या हडप्पाकालीन स्थळावरील शंखकामाचा अभ्यास झाला आहे. तथापि त्याचा भर मण्यांपेक्षा बांगड्यांवर आहे. महाराष्ट्रात पाटणे (जि. जळगाव) येथे पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगीन मणी मिळाले. ते शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे आहेत, पण घडणीच्या दृष्टीने चकती-मण्यांच्याच वर्गात मोडतात.