पार्श्वभूमी : ड जीवनसत्त्व, हाडांकडून आतड्याकडे

ड जीवनसत्त्वाचे नाव निघाले की हाडेच आठवतात, कारण त्याचा शोध लागला तो मुडदुसामुळे. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या यकृताचे तेल तापवून त्यातून हवा सोडली. त्यातले अ जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी मुडदूस त्या तेलाने बरा होतच राहिला. म्हणजे हा घटक निराळा. अ, ब, क ही अक्षरे आधीच गेलेली, म्हणून हा ड.

त्याची मुख्य कार्यशाळा मात्र आतड्यात निघाली. १९६६ मध्ये वॉसरमन आणि टेलर यांना कोंबडीच्या पिलांच्या आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन सापडले. पिलांना ड मिळाले तरच ते तयार होई आणि कॅल्शियम धरून ठेवी. आज त्याला कॅलबिंडिन म्हणतात. १९६९ मध्ये हॉस्लर आणि नॉर्मन यांना अशाच पेशींच्या केंद्रकात ड चा ग्राही, म्हणजे ड ला पकडून त्याचा संदेश पेशीला पोचवणारे प्रथिन, दिसला. अस्तराच्या पेशीत ड तीन गोष्टी घडवते: अन्नाच्या बाजूचा कॅल्शियमचा दरवाजा वाढवते, आत आलेले कॅल्शियम कॅलबिंडिनच्या हवाली करते आणि दुसऱ्या बाजूच्या पंपातून ते रक्तात ढकलते. ड नसेल तर अन्नातले जेमतेम १० ते १५ टक्के कॅल्शियम शोषले जाते. पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्के.

१९८० मध्ये गारलँड बंधूंनी अमेरिकेतल्या कमी उन्हाच्या भागांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त असल्याकडे बोट दाखवले. २००२ मध्ये त्याला जैविक आधारही मिळाला: पित्तापासून जिवाणू बनवतात ते, मोठ्या आतड्याला घातक असे लिथोकोलिक आम्ल ड चा हाच ग्राही ओळखतो आणि ते निकामी करणारी विकरे चालू करतो. पण रोज २,००० युनिट ड देऊन २५,८७१ जणांवर केलेल्या चाचणीत (२०१८) कर्करोगाचे प्रमाण घटले नाही. नकाशावरून काढलेला निष्कर्ष गोळीला लागू पडेलच असे नाही.

क्रोन्स (आतड्याचा दीर्घकालीन दाह) आणि सिलिएक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजणे) या आजारांच्या रुग्णांत ड कमी आढळते, तिथे तर कार्यकारणाचा बाण बऱ्याचदा उलटा असतो. ड स्निग्धात विरघळते. पित्त कमी पडले, स्वादुपिंडाचे पाचकरस आटले किंवा अस्तर झिजले की ते शोषलेच जात नाही. म्हणून अशा रुग्णांना नेहमीच्या दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोळी तेलतुपाच्या जेवणासोबत घ्यावी. कोलेस्टिरामिन (पित्ताम्ले बांधून कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) चालू असेल तर दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर ते ड ला बांधून शौचावाटे बाहेर नेते.

तपासणीतही एक चूक वारंवार होते. मागवायची असते शरीरातला साठा दाखवणारी २५-हायड्रॉक्सी ड. मागवली जाते १,२५-डायहायड्रॉक्सी, म्हणजे ड च्या सक्रिय रूपाची. ड कमी झाले की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि मूत्रपिंडाकडून हे सक्रिय रूप जोराने बनवून घेते. अहवाल 'नॉर्मल' येतो, साठा मात्र रिकामा असतो.