युद्धकैद्यांचं गणित

युद्धात किती सैनिक मेले हे सगळे विचारतात; किती जिवंत पकडले गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. पहिल्या महायुद्धात हा आकडा सुमारे ८० लाख होता. लाखांनी माणसं सापडतात ती बहुधा वेढ्यात. रसद तुटली, दारूगोळा संपला, की अख्खं सैन्य काही दिवसांत शस्त्रं टाकतं. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हच्या वेढ्यात साडेसहा लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक पकडल्याचा दावा जर्मनांनी केला होता.

एवढ्यांना खायला घालणार कुठून, असं कोणी म्हणेल. आकडे मात्र वेगळंच बोलतात. जर्मनांच्या कैदेतल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले. त्याच जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रिटिश-अमेरिकन कैद्यांत हे प्रमाण जेमतेम चार टक्के. म्हणजे प्रश्न रसदीचा कमी आणि धोरणाचा जास्त होता.

उपासमार एकटी येत नाही. शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू, प्रतिकारशक्ती ढासळते. अंगावर तेच मळके कपडे, झोपायला दाटी. मग उवा होतात आणि उवांमुळे टायफस हा जीवघेणा ताप पसरतो. स्टालिनग्राडला सोव्हिएत सैन्याने पकडलेले ९१ हजार जर्मन सैनिक वेढ्यातच खंगले होते. त्यातले जेमतेम पाच-सहा हजार घरी परतले.

युद्धकैद्यांना कसं वागवावं हे ठरवणाऱ्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातला यावरचा एक उपाय दिसायला अगदी किरकोळ आहे: एक कार्ड. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला ते घरी आणि जिनिव्हाच्या युद्धकैद्यांच्या केंद्रीय कचेरीकडे पाठवू द्यावं लागतं. त्यावर नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैनिक क्रमांक, तब्येत. नोंदलेला माणूस गुपचूप नाहीसा करणं अवघड जातं. माझ्या मते करारातल्या मोठमोठ्या शब्दांपेक्षा हे कार्डच जास्त कामाचं.

लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवा, असंही हा करार सांगतो. १९७१ च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात नागरिक धरून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी होते. त्यांची परतपाठवणी १९७४ मध्ये संपली. इथे अडलं ते राजकारणात. कोरियन युद्धात तर पेच उलटाच होता. २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना परत जायचंच नव्हतं, आणि युद्धविरामाच्या वाटाघाटी या एका मुद्द्यावर वर्षभराहून जास्त रखडल्या. शेवटी त्यांना सांभाळायला मेजर जनरल थोरात यांच्या हाताखाली भारतीय तुकडी गेली. बहुतेक कैदी तैवान किंवा दक्षिण कोरियाला गेले. मोजक्या काहींना मात्र दोन्ही बाजू नको होत्या. ते त्या तुकडीबरोबर भारतात आले.