काच चढणारं झुरळ, काच न चढणारं झुरळ

माझा भाचा नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. त्याच्याकडे एक चंदेरी अरोवाना आहे, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपणं हा त्या माशाचा स्वभावच. मध्यंतरी भाच्याचा फोन आला, "आत्या, माशासाठी झुरळं पाळायची म्हणतोय. कुठल्या जातीची घेऊ?" मागून वहिनीचा आवाज आला, "घरात आहेत ती पुरत नाहीत का?"

वहिनीसारखंच बहुतेकांना वाटतं, म्हणून आधी तेच सांगते. झुरळांच्या जवळपास ४,६०० जाती माहीत आहेत. माणसाच्या घरात वावरणाऱ्या त्यातल्या तीसएक. बाकीच्या रानात पालापाचोळा आणि कुजकं लाकूड खाऊन जगतात. स्वयंपाकघरात सापडलेलं झुरळ माशाला मुळीच घालू नये. ते गटारातून आलेलं असू शकतं आणि त्याने कुणाच्या तरी घरातलं झुरळांचं औषध खाल्लेलं असू शकतं. ते विष थेट माशाच्या पोटात जातं.

मग निवड कशावरून करायची? माझ्या मते पहिला प्रश्न एकच: हे झुरळ काचेवर चढतं का? पळून जाणार की डब्यात राहणार, ते यावरच ठरतं.

झुरळाच्या पायाच्या टोकाला दोन नख्या असतात. खडबडीत भिंतीवर त्या पुरतात, कारण टोक अडकवायला खाचा मिळतात. काचेवर खाचाच नाहीत. तिथे कामाला येते दोन नख्यांच्या मधली मऊ गादी, तिचं नाव अरोलियम. ही गादी इतकी लवचीक असते की काचेला अगदी लगटून बसते, आणि गादी नि काच यांच्यामध्ये झुरळ स्वतःच्या शरीरातून एका द्रवाचा अतिशय पातळ थर सोडतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुट्या करताना जोर लावावा लागतो, साधारण तसाच प्रकार. अमेरिकेत रॉथ आणि विलिस या दोघांनी १९५२मध्ये झुरळांच्या पायांची रचना आणि चढण्याची क्षमता यांचा संबंध तपासला होता. आपल्याकडचं मोठं तांबूस अमेरिकन झुरळ काच चढतं. त्याच कुळातलं काळपट ओरिएंटल झुरळ गुळगुळीत टबात पडलं की वर येऊ शकत नाही, कारण त्याची गादी खुरटलेली असते.

पण चिकटणं हा अर्धाच भाग झाला. चिकटलेला पाय पुढच्या क्षणी सुटायलाही हवा, नाहीतर चालणार कसं? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या क्लेमेंटे आणि फेडर्ले यांच्या अभ्यासात याचं फार सुंदर उत्तर आहे. अरोलियम चिकटतं ते पाय शरीराकडे ओढला तेव्हा. पाय शरीरापासून दूर ढकलला की ते सुटतं. ढकलताना काम करतात त्या पायाच्या तळव्याखालच्या दुसऱ्या गाद्या, युप्लांट्युली. म्हणजे उभ्या काचेवर शरीराचा भार ज्यांच्या खाली लोंबतो ते वरचे पाय ओढतात आणि अरोलियम वापरतात. भाराच्या खालचे पाय रेटा देतात आणि युप्लांट्युली वापरतात. एकाच पायात ओढण्याची गादी वेगळी, ढकलण्याची वेगळी! सहा पायांचं हे गणित ते धावताना सोडवत असतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री टॉर्च घेऊन मोरीतलं झुरळ बघत बसले होते.

भाच्याला मी दुबिया सुचवलं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं हे झुरळ स्वच्छ, गुळगुळीत प्लॅस्टिक किंवा काच चढू शकत नाही. मादी अंड्यांची पिशवी बाहेर टाकत नाही, पोटातच सांभाळते आणि एका खेपेला २० ते ३० जिवंत पिल्लं देते. गव्हाचा कोंडा, गाजर आणि आडोशाला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एवढ्यावर भागतं. अडचण नाशिकच्या थंडीची. दुबियाची वाढ २८ ते ३२ अंशांत चांगली होते. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा डब्याला ऊब द्यावी लागते. आणखी एक, परदेशी जात कधीही बाहेर सोडायची नाही.

केवळ आवडीसाठी पाळायचं असेल तर मादागास्करचं फुसकारणारं झुरळ घ्यावं. पोटाच्या चौथ्या खंडावरच्या श्वासरंध्रांतून हवा जोरात सोडून ते आवाज काढतं. पण ते काच सहज चढतं, त्यामुळे घट्ट जाळीचं झाकण हवं. माझं स्वतःचं मन मात्र दक्षिण भारतातल्या कोरड्या झुडपी रानातल्या डोमिनो झुरळावर आहे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं हे झुरळ, दाहक द्रव फवारणाऱ्या एका ठिपकेवाल्या भुंगेऱ्याची नक्कल करतं.

अरोवाना घरात पैसा आणतो म्हणून तो घेणारे लोक मला भेटतात. त्यांना मी स्पष्ट सांगते: मासा पैसा आणत नाही. त्याला मोठी टाकी, स्वच्छ पाणी आणि चांगलं खाद्य लागतं, आणि त्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. 'झुरळ अणुबाँबमधूनही वाचतं' हेही असंच फुगवलेलं. माणसापेक्षा ते किरणोत्सर्ग जास्त सोसतं खरं, पण फळमाशी त्याहून जास्त सोसते. खरा धोका आहे ॲलर्जीचा. झुरळांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ दम्याला कारण ठरते, म्हणून डबा झोपण्याच्या खोलीत नको, आणि साफ करताना मास्क हवाच.

तीन आठवड्यांनी भाच्याचा पुन्हा फोन. "आत्या, तू म्हणालीस चढत नाहीत. दोन वरपर्यंत आली!" मी डबा बघायला गेले. त्याने तो तारेच्या घासणीने स्वच्छ घासला होता, आणि आतून सगळीकडे बारीक ओरखडे उठले होते. गादीची पकड नसली तरी नख्यांना तेवढ्या खाचा पुरतात. आम्ही वरच्या कडेला आतून चार बोटं रुंद पारदर्शक पॅकिंग टेप लावली. आता झुरळं टेपपर्यंत येतात, तिथे पाय घसरतात आणि पुन्हा ट्रेमध्ये पडतात.