बाथमध्ये पाण्यात उतरायचं कुठे? एका वीकेंड सहलीमागची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या बाथ शहराची दोन दिवसांची सहल आखताना ग्रुपमध्ये एक गोंधळ हमखास होतो. रोमन बाथ्सची तिकिटं काढली की गरम पाण्यात उतरायला मिळणार, असं निम्म्या मंडळींना वाटतं आणि ती पोहण्याचे कपडे बॅगेत टाकून येतात. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिकच आहे. पण रोमन बाथ्स हे आता संग्रहालय आहे. तिथल्या पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, हातही लावायचा नाही. उतरायचं ते चालत पाच मिनिटांवरच्या थर्मे बाथ स्पामध्ये, आणि त्याचं तिकीट वेगळं. ही वाटणी रोमनांनी केलेली नाही. ती १९७८ मध्ये घडलेल्या एका मृत्यूनंतर झाली.

शहराच्या मध्यभागी तीन गरम झरे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या झऱ्यातून रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येतं, साधारण ४६ अंश सेल्सियसला. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे मंदिर आणि स्नानगृहं बांधली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आज जे दिसतं त्यातला बराच भाग रोमन नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुख्य कुंडाचा तळ रोमन आहे, त्यावर अंथरलेले शिशाचे ४५ पत्रेही रोमन आहेत. वरची गच्ची आणि तिथले सम्राटांचे पुतळे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. फोटोत उठून दिसणारा हिरवा रंगसुद्धा अलीकडचाच म्हणायचा. रोमन काळात कुंडावर छप्पर होतं, ऊन पाण्यापर्यंत पोहोचत नव्हतं. छप्पर गेलं, ऊन आलं आणि शेवाळ वाढलं.

मधल्या शतकांत लोक या पाण्यात उपचारासाठी उतरत राहिले. अठराव्या शतकात त्याला मौजेची जोड मिळाली आणि आज आपण जे दगडी बाथ पाहायला जातो ते उभं राहिलं: सर्कस नावाची वर्तुळाकार घरांची रचना, ३० घरांची अर्धचंद्राकार रॉयल क्रेसेंट, दोन्ही बाजूंना दुकानं असलेला पल्टनी पूल. विसाव्या शतकात सांधेदुखीचे रुग्ण इथे सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घेत. ती सोय १९७६ मध्ये बंद झाली, पण पाण्यात पोहणं सुरूच होतं.

ऑक्टोबर १९७८ मध्ये झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका लहान मुलीचा मेंदूज्वराने मृत्यू झाला. कारण होता नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा. तो कोमट-गरम पाण्यात वाढतो, नाकावाटे शिरतो आणि तिथून मेंदूपर्यंत जातो. पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पाण्यात डोकं बुडवणं, उडी मारणं, नाकात पाणी जाणं हा खरा धोका. झऱ्याचं पाणी खोलातून येताना स्वच्छ असतं, पण शेवटच्या काही मीटरमध्ये त्याचा मातीशी आणि जुन्या गाळाशी संबंध येतो, आणि अमिबा तिथेच असतो. पोहणं ताबडतोब बंद केलं गेलं. एवढी जुनी परंपरा एका घटनेसाठी मोडायला नको होती, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि अजूनही भेटतात. पण हा आजार झालेला रुग्ण क्वचितच वाचतो, आणि तेव्हा पाणी सुरक्षित करण्याची काहीच व्यवस्था नव्हती. निर्णय योग्यच होता. वाद घालायचा तर पुढच्या अठ्ठावीस वर्षांवर घालावा.

कारण तांत्रिक उत्तर फार लवकर सापडलं होतं. वरचा गाळाचा थर टाळून थेट खालच्या खडकात विंधणविहीर घ्यायची आणि बंद नळीतून पाणी वर आणायचं, म्हणजे मातीशी संबंधच येत नाही. १९८३ मध्ये अशी विंधणविहीर झाली आणि रोमन बाथ्सला लागून असलेल्या पंप रूम या जुन्या दालनात पिण्यासाठी सुरक्षित पाणी मिळू लागलं. तरीही लोकांना पाण्यात उतरायला मिळालं ते थेट ऑगस्ट २००६ मध्ये.

मधल्या काळात योजना येत गेल्या आणि पैशांवर अडत गेल्या. अखेर नव्या सहस्रकाच्या निमित्ताने लॉटरीचा निधी मिळाला आणि जुन्या स्नानगृहांच्या शेजारी थर्मे बाथ स्पाची काचेची नवी इमारत उभी राहिली. २००२ मध्ये ती उघडायची होती. २००३ च्या उन्हाळ्यात उद्घाटनाचा मोठा जलसाही झाला, पण इमारत तयार नव्हती. तलावांच्या आतल्या रंगाचे पोपडे निघू लागले होते. पृष्ठभाग नीट तयार केला नव्हता की रंगच चुकीचा निवडला होता, यावर पालिका, कंत्राटदार आणि वास्तुरचनाकार यांच्यात भांडण जुंपलं. ते कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलं, कंत्राटदार बदलला गेला. सुमारे १ कोटी ३० लाख पौंडांचं काम साडेचार कोटींच्या घरात गेलं. हा बोजा मुख्यतः स्थानिक करदात्यांवर पडला. पूर्वी सरकारी उपचारासाठी खुलं असलेलं पाणी आता तासांच्या हिशेबाने विकलं जातं, ही तिथल्या लोकांची तक्रार त्यातूनच आली आहे आणि ती रास्त आहे.

सहलीला याचा उपयोग असा. दोन्ही ठिकाणी वीकेंडला दर जास्त असतात, म्हणून शुक्रवारी दुपारी पोहोचता आलं तर एक तिकीट स्वस्तात पडतं. रोमन बाथ्सला वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावं आणि आत दोन तास धरावेत. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो. स्पाचं मुख्य सत्र दोन तासांचं असतं. टॉवेल, झगा आणि सपाता तिथे मिळतात, पोहण्याचे कपडे आपले न्यावे लागतात. तिथलं पाणी साधारण साडेतेहतीस अंशांवर आणून वापरतात, त्यामुळे चटका बसेल अशी अपेक्षा नको. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, आणि कुटुंबं एकत्र निघालेली असली की बेत नेमका इथेच फसतो. गच्चीवरच्या तलावासाठी सगळ्यांना संध्याकाळच हवी असते, म्हणून आधी ती वेळ पक्की करावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा. खनिजयुक्त पाणी प्यायचं असेल तर पंप रूममध्ये पेलाभर मिळतं. ते कोमट असतं आणि चवीला लोखंडासारखं लागतं.

येण्याजाण्याचे नियम तर त्याहून नवे. मार्च २०२१ पासून शहराच्या मध्यभागी स्वच्छ हवा क्षेत्र आहे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या काही गाड्यांना तिथे शिरण्यासाठी पैसे भरावे लागतात. मूळ प्रस्तावात जुन्या खासगी गाड्यांवरही शुल्क होतं, पण रहिवाशांच्या विरोधानंतर ते वगळलं. त्यामुळे मित्रांनी दोन जुन्या गाड्या आणल्या तर काही भरावं लागत नाही, पण जुनी डिझेल मिनिबस घेतली तर दिवसाला ९ पौंड द्यावे लागतात. मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस मोजतात. शनिवारी रात्री उशिरा शिरून बाराच्या पुढे बाहेर पडलं की दोन दिवसांचे पैसे. कॅमेरा नंबर टिपतो, पण पैसे आपणच ऑनलाइन भरायचे. विसरलं तर दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते आणि तिथून आपल्याकडे येते. मिनिबस युरो ६ या प्रदूषण-मानकाची डिझेल गाडी असेल तर हा प्रश्न येत नाही, बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. गाडी लॅन्सडाउन, न्यूब्रिज किंवा ऑड डाउनच्या पार्क अँड राइडला लावून बसने आत यावं हे बरं.

त्याहूनही बरी रेल्वे. लंडनच्या पॅडिंग्टनहून साधारण दीड तास, आणि स्टेशनवरून रोमन बाथ्स दहा मिनिटांच्या चालीवर. तीन ते नऊ जण एकत्र जात असतील तर गर्दीबाहेरच्या वेळच्या तिकिटांवर ग्रुपसेव्ह या गट-सवलतीतून एक तृतीयांश सूट मिळते. दहा जण असाल तर दोन गटांत तिकिटं काढावीत.

मुक्कामासाठी अख्खं जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचं घर घेणार असाल तर एक ध्यानात ठेवावं. अशा घरांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, आणि संरक्षित इमारतींच्या खिडक्यांना बहुधा जुनी एकेरी काचच असते. त्यामुळे रात्रीचा आवाज थेट पलीकडच्या झोपण्याच्या खोलीत जातो. पार्टीसाठी भाड्याने जाणाऱ्या घरांविषयी रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत, म्हणून घरमालक अनामत रक्कम घेतात आणि रात्री शांतता पाळण्याची अट घालतात. जिने अरुंद आणि चढे असतात. गुडघेदुखी असलेल्या मित्राची खोली कितव्या मजल्यावर आहे, ते पैसे भरण्याआधी विचारावं.