भुयारी मेट्रोचा बोगदा वेगळा, स्टेशन वेगळं

नाशिकमध्ये मेट्रोचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "भुयारी करा, म्हणजे रस्ता फोडायला नको." २०२१च्या अर्थसंकल्पात आपल्याकरता २,०९२ कोटी जाहीर झाले ते उन्नत मार्गावरच्या निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, पण ही मागणी काही थांबत नाही. मागणी करायला हरकत नाही, रस्ता फुटणार नाही ही समजूत मात्र साफ चुकीची आहे.

रस्ता उकरायचा, तळाशी काँक्रीटची पेटी बांधायची, वर माती लोटायची ही भुयारी मार्गाची एक पद्धत सांगायला नको. ड्रेनेजच्या कामात आपण तीच बघतो. कोलकात्याची १९८४ची मेट्रो बरीचशी अशीच झाली.

टीबीएम, म्हणजे बोगदा खणणाऱ्या मशीनचं काम निराळं. ते जमिनीखाली खडक कापत सरकतं आणि मागे काँक्रीटच्या रिंगा बसवत जातं. पण त्यातून निघतो साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाचा गोल बोगदा, जाणाऱ्या गाडीला एक, येणाऱ्या गाडीला दुसरा. त्यात फलाट मावत नाही. फलाट, सरकते जिने, हवा खेळवणारी यंत्रणा यांच्यासाठी दीड-दोनशे मीटर लांबीचा खड्डा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी वरूनच घ्यावा लागतो. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट बोगदा टीबीएमने झाला, स्टेशनं मात्र वरून खणली. सिव्हिल कोर्टचं तर ३३ मीटर खोल. मुंबईत काळबादेवी-गिरगावला जागाच नव्हती म्हणून फलाट खडकाच्या पोटात खोदले, तरीही वरून खाली उतरायच्या शाफ्टसाठी इमारती पाडाव्या लागल्या.

म्हणून भुयारी की उन्नत यावर भांडण्याआधी स्टेशनची जागा विचारा. बोगदा शेवटच्या टोकापासून पुढे नेता येतो. मधल्या चालू बोगद्यावर मागाहून स्टेशन घालणं महाकठीण. पुण्याच्या ५.४६ किलोमीटरच्या स्वारगेट-कात्रज विस्तारात आधी तीनच स्टेशनं होती. बिबवेवाडी आणि बालाजीनगर वाढली ती बोगदा खणण्याआधी, म्हणून जमलं.

नाशकातल्या रविवार कारंजाच्या खालून बोगदा खुशाल जाऊ दे. स्टेशन तिथे मागणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे: त्या दाटीत खड्डा म्हणजे दुकानं आणि जुने वाडे जाणार. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला मोकळी जागा आहे, मागायचं तर तिथे मागा.