'काउंट वाढलाय': अपेंडिक्सच्या रक्ततपासणीची पार्श्वभूमी

बेंबीभोवती सुरू झालेली कळ काही तासांत उजव्या ओटीपोटात उतरते. डॉक्टर पोट दाबून पाहतात आणि सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची, चिठ्ठी लिहून देतात. संध्याकाळी घरचे फोनवर सांगतात, "काउंट वाढलाय." अपेंडिक्सच्या दुखण्यात या काउंटचा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याचा, शब्द चालायला लागला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर.

त्याआधी सगळी भिस्त बोटांवर होती. दुखण्याचं मूळ अपेंडिक्समध्ये आहे हे 1886 मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी मांडलं. 'अपेंडिसायटिस' हे नावही त्यांचंच. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी नेमकं कुठे दाबायचं तो बिंदू सांगितला. पण आत नुसती सूज आहे की पू झालाय, हे बोटाला कसं कळावं? आणि तेव्हा पोट उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. 1902 मध्ये खुद्द इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना त्याच्या पोटातलं गळू फोडावं लागलं.

या पेचावर लाइपझिगच्या हाइनरिश कुर्शमान यांनी 1901 मध्ये तोड सुचवली: पांढऱ्या पेशी पुन्हा पुन्हा मोजा, आकडा चढतच राहिला तर पू धरलाय समजा. म्हणजे काउंट आला तो आजाराचं नाव सांगायला नव्हे, कापायचं की थांबायचं हे ठरवायला. माझ्या मते त्याचं खरं काम आजही तेवढंच आहे.

मोजणीही सोपी नव्हती. पिपेटमध्ये तोंडाने 0.5 च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, मग 11 पर्यंत द्रावण. त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल तांबड्या पेशी फोडतं, रंग पांढऱ्यांची केंद्रकं उठून दाखवतो. काचेवरच्या चौकटीचे चार कोपरे मोजायचे आणि 50 ने गुणायचं. 300 पेशी दिसल्या, तर काउंट 15,000. पुढे कूल्टर यांच्या पेशी मोजणाऱ्या यंत्राने (पेटंट 1953) हे डोळे फोडणं संपवलं.

आकडा आयता मिळू लागला आणि त्याच्यावरचा विश्वास जरा जास्तच वाढला. खरं तर काउंट न्यूमोनियातही वाढतो, लघवीच्या संसर्गातही. गरोदरपणात तर काही आजार नसतानाही. उलट दुखणं नवं असेल तर तो नॉर्मलही येतो. सीआरपी या सुजेत वाढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचीही तीच गत. तो 1930 मध्ये सापडला न्यूमोनियाच्या रुग्णांत, आणि चढायला काही तास घेतो.

म्हणून 1986 मध्ये अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी लक्षणं आणि रक्त एकाच गुणपत्रिकेत मांडलं. एकूण गुण 10, त्यातले रक्ताचे 3: काउंटला 2 आणि कोवळ्या पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर 1. या वाढीला 'लेफ्ट शिफ्ट' म्हणतात, कारण जुन्या तक्त्यांत कोवळ्या पेशी डावीकडे मांडत. 1994 च्या सुधारित आवृत्तीत नेमका हाच एक गुण गळला. 2008 मध्ये स्वीडनमधून आलेल्या 'एअर' (अपेंडिसायटिस इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स) स्कोअरमध्ये मात्र सीआरपीलाही गुण मिळाले.